उंदराला न विचारलेला प्रश्न



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर शरीरक्रियाशास्त्राचे शिक्षक होते. म्हणून यंदाचा विषय थोडा प्रयोगशाळेतला असला तरी चालेल असं संयोजकांनी सुचवलं आणि मी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. मेंदूतलं रक्त बाहेर वाहून नेणाऱ्या शिरा तुंबल्या तर मेंदूला इजा कशी होते, हे कळावं म्हणून गेली सत्तर-ऐंशी वर्षं प्राण्यांवर प्रयोग होत आले आहेत. त्या प्रयोगांनी आपल्याला काय दिलं आणि काय दिलं नाही, एवढंच मला आज बोलायचं आहे.

पक्षाघात म्हटलं की आपल्याला धमनी आठवते. साठीपासष्टीचा माणूस, रक्तदाब, साखर, सकाळी उठतो तर हात उचलत नाही. मेंदूकडे जाणारी वाट बंद, पुढचा भाग उपाशी, काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. शिरेच्या आजाराचा रुग्ण वेगळा असतो. बाळंत होऊन दहा-बारा दिवस झालेली पंचविशीतली मुलगी. डोकं दुखतंय म्हणते. घरातले म्हणतात, जागरण होतंय, वारा लागला असेल. दुखणं चढत जातं, उलट्या होतात, एके दिवशी आकडी येते आणि मग धावाधाव. डोळ्यांत बॅटरी टाकून पडदा पाहिला तर मज्जातंतूचं टोक सुजलेलं, कडा पुसट झालेल्या. एमआरआयमध्ये डोक्याच्या माथ्यावरून मागे जाणारी मोठी रक्तवाहिनी काही केल्या दिसत नाही. तिला सुपिरिअर सॅजिटल सायनस म्हणतात. नाकातल्या सायनसशी तिचा काही संबंध नाही. वॉर्डात या आजाराला सगळे ‘सीव्हीटी’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मेंदूच्या शिरांच्या भिंती पातळ असतात, त्यांना झडपा नसतात. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या छोट्या शिरा एकमेकींना जोडलेल्या असतात आणि शेवटी पुलासारख्या उडी मारून या सायनसमध्ये रिकाम्या होतात. याच सायनसच्या भिंतीतून मेंदूभोवतीचं पाणीही रक्तात शोषलं जातं. म्हणजे इथे अडथळा आला की रक्त आणि पाणी दोन्ही मागे साचतात, आणि कवटी तर ताणली जात नाही. पावसाळ्यात गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गटाराच्या जाळीवर कचरा अडकला तर पाणी लगेच कुणाच्या घरात शिरत नाही. आधी ते दुसरा उतार शोधतं, तिकडेही जागा उरली नाही की मग उंबरा ओलांडतं. शिरेच्या आजारात मधे हा जो वेळ मिळतो, त्याचं मोल कळायला वैद्यकाला फार वर्षं लागली.

या आजाराचं पहिलं वर्णन फ्रान्सच्या रिब यांनी १८२५ साली केलं. कर्करोग सर्वत्र पसरलेल्या एका पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचं ते शवविच्छेदन होतं. बाळंतपणातल्या आजाराचं वर्णन १८२८ मध्ये एडिंबरोच्या जॉन अॅबरक्रॉम्बी यांनी केलं. पुढची शंभर वर्षं हा आजार बहुतेक मृत्यूनंतरच सापडला आणि त्यामुळे तो जीवघेणाच असतो असा सगळ्यांचा ग्रह झाला. जे बरे होत होते त्यांचं निदानच होत नव्हतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत मला पहिलं ठळक नाव दिसतं ते दोन बायकांचं. डायना बेक आणि डोरोथी रसेल यांचा सायनसच्या गुठळीवरचा प्रायोगिक निबंध १९४६ साली ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’त आला. बेक या ब्रिटनमधल्या अगदी सुरुवातीच्या महिला मेंदूशल्यविशारद. ‘विनी द पू’ लिहिणाऱ्या ए. ए. मिल्न यांच्या मेंदूवर १९५२ मध्ये त्यांनीच शस्त्रक्रिया केली होती. रसेल पुढे मेंदूच्या गाठींच्या विकृतिशास्त्रातल्या अधिकारी व्यक्ती झाल्या. त्या काळातल्या आणि नंतरच्या अशा प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आणि ती प्रयोग करणाऱ्यांना बुचकळ्यात टाकणारी होती. प्राण्याचा सायनस बांधून टाकला तरी प्राणी बहुधा ठीक राहायचा. खायचा, चालायचा. मग माणूस का मरतो?

याचं नीट उत्तर मिळालं नव्वदच्या दशकात, जर्मनीतल्या माइन्झ इथे. फ्रीस आणि सहकाऱ्यांनी डुकरांवर काम केलं. डुकराचा मेंदू माणसासारखा वळ्यावळ्यांचा असतो. त्यांनी आधी सायनस बंद केला, मग त्यात येणाऱ्या पुलासारख्या शिरा, मग पृष्ठभागावरच्या शिरा, असं पायरीपायरीने पाहिलं. १९९२ च्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘अनेक पायऱ्यांनी’ असा शब्दप्रयोग आहे. पुढच्याच वर्षी त्याच गावातल्या ओलिव्हर केम्प्स्की यांच्या प्रयोगशाळेतून उंगर्सबॉक यांचा रॅटवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि मला वाटतं या विषयातला तो सगळ्यात शहाणा प्रयोग आहे. तो जरा जवळून पाहू.

रॅट म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा पांढरा उंदीर. त्याचा मेंदू दोन ग्रॅमच्या आसपास. त्याला भूल देऊन डोक्याची कातडी बाजूला करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दातांच्या डॉक्टरकडे असतं तसल्या ड्रिलने माथ्याची कवटी घासत पातळ करत नेतात. ड्रिलची उष्णता मेंदूला लागू नये म्हणून सलाइनची धार सतत चालू ठेवावी लागते. शेवटचा पापुद्रा उचलला की मधोमध निळसर सायनस दिसतो आणि दोन्ही बाजूंनी त्यात येणाऱ्या शिरा. सायनसला पुढे आणि मागे दोरा बांधतात आणि मधल्या भागात केओलिन आणि सेफॅलिन यांचं मिश्रण अगदी हळू सोडतात. रक्त त्याला लागलं की गोठतं. मग मेंदूच्या पृष्ठभागावर लेसर डॉप्लरची सुई एकाच ठिकाणी न ठेवता ठिकठिकाणी नेऊन कुठे किती रक्त वाहतंय ते मोजत राहायचं. बारीक, कंटाळवाणं, हात न थरथरता करायचं काम.

दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल की केओलिन-सेफॅलिन ही जोडी आपल्या ओळखीची आहे. हेपारिन चालू असलेल्या रुग्णाचं रक्त किती वेळात गोठतं हे पाहायला लॅबमध्ये जी चाचणी करत आले आहेत, तिच्यात हीच द्रव्यं वापरत. म्हणजे ज्या रसायनाने उंदरात आजार तयार केला, त्याच रसायनाने माणसाच्या औषधाची मात्रा ठरत होती.

निकाल असा होता की सगळ्या उंदरांना सारखंच टोचूनही सगळे सारखे वागले नाहीत. काहींत गुठळी सायनसपुरतीच राहिली. त्यांचा रक्तप्रवाह फारसा ढळला नाही आणि मेंदू शाबूत राहिला. काहींत गुठळी पुढे पुलासारख्या शिरांत आणि पृष्ठभागावरच्या शिरांत शिरली. त्यांचा प्रवाह घसरला, डोक्यातला दाब चढला आणि सायनसच्या दोन्ही बाजूंना मेंदूचा भाग मेला. म्हणजे सायनस बंद होणं ही फक्त सुरुवात. इजा ठरते ती गुठळी कुठवर पसरते आणि आडवाटा किती उरतात यावर.

यानंतर जपानचे हिरोयुकी नाकासे यांनी केम्प्स्की यांच्याचकडे आणखी नेमकं काम केलं. रोझ बेंगॉल नावाचा गुलाबी रंग उंदराच्या रक्तात सोडायचा आणि बारीक तंतूतून आलेला प्रकाश एखाद्या शिरेवर पाडायचा. जिथे प्रकाश पडला तिथे रंगाची रासायनिक क्रिया होऊन शिरेचं अस्तर दुखावतं आणि तिथेच गुठळी धरते. दोरा नको, सुई नको. दोन शेजारच्या शिरा अशा बंद केल्या की त्यांच्यामधला मेंदूचा पट्टा अडचणीत येतो. पण इथेही उंदरागणिक फरक. ज्याच्या शिरांची जोडणी चांगली तो निभावला. आणखी एक भर पडली ती २००० साली. अशा अडचणीतल्या मेंदूवर पोटॅशियम क्लोराइड लावून विद्युत-मंदीची लाट, म्हणजे पेशींची विद्युत-क्रिया काही काळ थंडावत पुढे सरकणारी लाट, मुद्दाम उठवली तर मेलेला भाग वाढतो, असं त्याच प्रयोगशाळेतून दाखवलं गेलं. सीव्हीटीच्या रुग्णांना आकडी इतक्या वेळा का येते आणि आली की तब्येत का ढासळते, याकडे पाहायची एक खिडकी त्यातून उघडली.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात तर एकेका केसासारख्या शिरेपर्यंत मजल गेली. ख्रिस शाफर आणि नोझोमी निशिमुरा यांच्या गटाने २०११ मध्ये मेंदूतून वर येणारी एकच बारीक शीर लेसरने बंद केली आणि तिच्यात रक्त आणणाऱ्या केशवाहिन्यांत काय होतं ते प्रत्यक्ष पाहिलं. प्रवाह मंदावला, वाहिन्या फुगल्या, आणि काहींत रक्त चक्क उलट दिशेने वाहू लागलं. रक्त वाट शोधतं असं आपण बोलण्यात म्हणतो, इथे ते डोळ्यांना दिसलं.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत जयंती कलिता, उषाकांत मिश्र आणि सहकाऱ्यांनी रॅटमध्ये सायनसची गुठळी तयार करून एमआरआय आणि ऊतींतले बदल ताडून पाहिले. त्यांचा निबंध २००९ चा. सीव्हीटीचे रुग्ण आपल्या देशात किती दिसतात ते पाहता, अशा निबंधांची आपल्याकडे रांग लागायला हवी होती.

आता एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांचं समर्थन करताना ती सोयीस्करपणे गाळली जाते. सीव्हीटीवर सगळ्यात महत्त्वाचं औषध हेपारिन, आणि ते उंदराने आपल्याला दिलेलं नाही. हेपारिन या आजारात १९४० च्या दशकापासूनच वापरलं जात होतं, पण सगळ्यांना धास्ती होती. शीर तुंबल्याने मेंदूत आधीच रक्तस्राव झालेला असताना रक्त पातळ करायचं औषध द्यायचं, हे कुणाला पटेल? १९९१ मध्ये कार्ल आइनहॉइप्ल आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या वीस रुग्णांची चाचणी छापली. दहांना हेपारिन, दहांना खोटं औषध. हेपारिनच्या दहांपैकी आठ पूर्ण बरे झाले, दोघांत किरकोळ दोष राहिला. दुसऱ्या गटात तिघे दगावले आणि पूर्ण बरा झाला तो एकच. फरक इतका उघड होता की चाचणी लवकर थांबवावी लागली. त्यांनी मागच्या नोंदीही तपासल्या. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर हेपारिन मिळालेल्या सत्तावीस जणांपैकी चार गेले, न मिळालेल्या तेरांपैकी नऊ. माणसांवरची ही चाचणी १९९१ ची आणि उंगर्सबॉक यांचे उंदीर १९९३ चे. उंदराने औषध शोधलं नाही. ते का लागू पडतं, हे त्याने समजावलं. मेंदूतला रक्तस्राव हा मागे तुंबलेल्या दाबाचा परिणाम असतो, आणि गुठळी पृष्ठभागावरच्या शिरांपर्यंत पसरू दिली नाही तर आडवाटा जिवंत राहतात. हे एकदा चित्रासारखं समजलं की रक्तस्राव दिसत असतानाही हेपारिन चालू करणाऱ्या डॉक्टरचा हात कापत नाही. समजावून सांगण्याची ही किंमत मी कमी मानत नाही.

आणि हेच चित्र दुसरीकडेही उपयोगी पडतं. नळी घालून सायनसमधली गुठळी ओढून काढायची किंवा विरघळवायची ही कल्पना सगळ्यांनाच आवडते, कारण त्यात काहीतरी केल्याचं समाधान असतं. तिची पद्धतशीर चाचणी ‘टो-अॅक्ट’ या नावाने झाली, २०२० मध्ये छापली गेली. सदुसष्ट गंभीर रुग्ण. नुसत्या औषधाच्या तुलनेत फायदा दिसला नाही आणि चाचणी आवरती घेतली. याची कारणं अनेक असू शकतात. पण माइन्झचे उंदीर ज्याने वाचलेत त्याला एक कारण लगेच सुचेल. नळी पोचते ती सायनसपर्यंत, आणि मेंदूचा जीव तर त्या पलीकडच्या, नळी न पोचणाऱ्या शिरांत अडकलेला असतो.

इथवर उंदराची बाजू. आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते.

या सगळ्या प्रयोगांत गुठळी माणसाच्या हाताने तयार झालेली आहे. दोऱ्याने, केओलिनने, वाहिनीचं अस्तर दुखावणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या पट्टीने, प्रकाशाने. प्राणी तरुण, धडधाकट, पोटभर खाल्लेला, आणि बहुतेक वेळा नर. मादी उंदराचं चार-पाच दिवसांचं चक्र आकड्यांत गोंधळ घालतं असं मानून जीववैद्यकात वर्षानुवर्षं मादी वगळण्याचीच रीत होती. आणि आजार कुणाचा? २००४ मध्ये फेरो यांनी छापलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ६२४ रुग्ण होते, त्यांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश बायका. म्हणजे बायकांच्या आजाराचा अभ्यास आपण पुरुष उंदरांवर केला. शीर बंद झाल्यानंतर काय होतं, हा प्रश्न प्राण्याला विचारला गेला आणि त्याने त्याचं प्रामाणिक उत्तर दिलं. हिचीच शीर का बंद झाली, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडे हा दुसरा प्रश्न जास्त निकडीचा आहे. जुन्या भारतीय निबंधांत सीव्हीटी म्हणजे जवळजवळ बाळंतपणातलाच आजार. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, खोली बंद ठेवायची, शेक द्यायचा, यातून अंगातलं पाणी आटतं हा त्यांतला नेहमीचा संशय. पुढे चित्र पालटलं. हैदराबादच्या निझाम संस्थेच्या नोंदवहीतले ४२८ रुग्ण २०१२ मध्ये छापले गेले, त्यांत निम्म्याहून थोडे जास्त पुरुष होते. कारणांत रक्तक्षय, रक्तातलं वाढलेलं होमोसिस्टीन, दारू, गर्भनिरोधक गोळ्या, आणि बाळंतपणही. होमोसिस्टीन वाढतं ते बहुधा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याने, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या कामातून आपल्याला माहीत आहे की आपल्या माणसांत बी-१२ ची कमतरता किती मुरलेली आहे. शाकाहारी घरांत तर विचारूच नका. आणि गौरी-गणपतीच्या, सत्यनारायणाच्या दिवसांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या? त्या दिवसांत डोकेदुखी घेऊन आलेल्या तरुण बाईला ‘गोळी घेतली होती का’ हे विचारायला मेंदूविकारतज्ज्ञ विसरत नाहीत. सासूसमोर ती ‘नाही’ म्हणते, हा भाग वेगळा. बाजूला घेऊन विचारावं लागतं.

यातलं काहीही त्या पांढऱ्या उंदरात नाही. त्याला जीवनसत्त्वं मोजूनमापून घातलेलं खाणं मिळतं.

शरीररचनेचे फरकही आहेत, पण त्यांबद्दल फार बोलत नाही. उंदराचा मेंदू गुळगुळीत, त्यात पांढरा भाग दहा-पंधरा टक्के, माणसात निम्म्याच्या आसपास. उंदराच्या मेंदूतलं रक्त कवटीबाहेर पडायला वाटाही वेगळ्या. त्यात तो चार पायांवर, आपण दोन. माणूस उभा राहिला की मेंदूतलं रक्त मानेच्या मोठ्या शिरांऐवजी बरंचसं मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून उतरतं. भूल देऊन पालथ्या ठेवलेल्या उंदरात हे कुठून दिसणार?

कारण घेऊन प्राणी तयार करता येतो का? येतो, आणि त्याचं एक चांगलं उदाहरण करोनाच्या काळात मिळालं. २०२१ च्या वसंतात ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर अगदी क्वचित पण भयंकर अशा गुठळ्या होत असल्याचं युरोपातून कळलं. ती लस आपल्याकडे कोव्हिशील्ड म्हणून पुण्याच्या सीरमने बनवली, त्यामुळे इथे त्याची चर्चा, आणि अफवाही, भरपूर झाल्या. आंद्रेआस ग्राइनाखर यांनी वर्णन केलेल्या पहिल्या अकरा रुग्णांपैकी नऊ जणांच्या गुठळ्या मेंदूच्या शिरांत होत्या. प्लेटलेटमधल्या पीएफ-४ नावाच्या प्रथिनाविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं हे त्याचं कारण निघालं. आता हे उंदरात पाहायचं तर अडचण अशी की माउसच्या, म्हणजे छोट्या उंदराच्या, प्लेटलेटवर ती प्रतिद्रव्यं पकडणारा ग्राहक (रिसेप्टर) नसतोच. सुदैवाने हेपारिनमुळे होणाऱ्या अशाच एका आजारासाठी माणसाचा तो ग्राहक आणि माणसाचं पीएफ-४ असलेले माउस संशोधकांनी त्याच्या वीस वर्षं आधीच तयार करून ठेवले होते. रुग्णांची प्रतिद्रव्यं त्यांना टोचली आणि गुठळ्या झाल्या. पण ऑस्ट्रेलियातल्या २०२२ च्या कामात त्या दिसल्या मुख्यतः फुप्फुसात. कारण माणसाचं, पण जागा माणसाची नाही. मेंदूच्याच शिरा का, हे कोडं तसंच राहिलं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या मर्यादा दाखवायला धमनीच्या पक्षाघाताच्या बाबतीत एक आकडा नेहमी सांगितला जातो. २००६ मध्ये ओकॉलिन्स यांनी प्रयोगशाळांत तपासलेले १,०२६ उपचार मोजले. माणसाच्या उपयोगी पडलेले त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. हा आकडा ऐकून काहीजण प्राण्यांवरचे प्रयोग बंद करा म्हणतात. मी त्यांच्यात नाही. गुठळी विरघळवणाऱ्या टीपीएचा पहिला भरवशाचा पुरावा जस्टिन झिव्हिन यांच्या सशांनीच १९८५ मध्ये दिला होता. पण आंधळेपणाने प्राणी मारायलाही माझा विरोध आहे. रसेल (हे वेगळे, डोरोथी नव्हेत) आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मानवीय प्रयोगपद्धतीचं पुस्तक लिहिलं, आपला प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. कायदा आणि पुस्तक दोन्ही जुनी झाली, तरी एकच निष्कर्ष पुन्हा सिद्ध करण्यासाठी आणखी नर उंदरांच्या माथ्यावर ड्रिल चालवण्याचं थांबलेलं नाही.

मला पाहायची आहे ती बाळंत रॅट. रॅटचं गरोदरपण तीन आठवड्यांचं. तिला काही महिने आधीपासून बी-१२ कमी असलेलं खाणं द्यायचं, होमोसिस्टीन वाढलंय का ते रक्तात पाहायचं, पिल्लं झाल्यावर काही दिवस पाणी थोडं आवरतं ठेवायचं, आणि मग नाकासे यांच्या पद्धतीने एकच शीर प्रकाशाने बंद करायची. सायनस नाही, दोन शिरा नाहीत, एकच. धडधाकट नर उंदीर ती सोसून जाईल. ही सोसते का, आणि तिची गुठळी त्या शिरेतच राहते की पुढे सरकते, एवढंच पाहायचं. यात महागडं काही नाही. एमआरआय सोडला तर लागणारं सामान आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांत आहे, आणि बी-१२ वर काम करणारी माणसंही आहेत.

संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीकडे द्यायच्या अर्जात हीच प्रजाती का निवडली आणि एवढेच प्राणी का लागणार, असे दोन प्रश्न असतात. बहुतेक अर्जांत पहिल्याचं उत्तर ‘आधीच्या प्रकाशित अभ्यासांत हीच वापरली आहे’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि समितीही त्यावर सही करते. या अर्जात तिथे पान-दीड पान लिहावं लागेल. इथे बसलेल्यांपैकी कुणी तो भरणार असेल तर मसुदा वाचून द्यायला मी तयार आहे.